एका खापरावर दोघींच्या पोळ्या

माझं तोंड जन्मभर जमिनीकडे आणि पाठ आभाळाकडे. असं उपडं आयुष्य काढलेलं मी एक जुनं खापर आहे, मित्रांनो. दोष द्यायचा झाला की तुम्ही माणसं एकमेकांच्या माथी जे फोडता, ते खापर निराळं. मी पोळीचं खापर. धरणगावापासून दोन कोसांवरच्या एका गावात, कौतिकभाऊंच्या घरात, मी पस्तीस-छत्तीस वर्षं आहे. आता माझ्या कडेला बोटभर चीर गेली आहे, म्हणून मला विस्तवावर फार चढवत नाहीत. भिंतीला टेकून बसलं की जुन्या गोष्टी आठवतात. त्यांतल्या बऱ्याचशा आनंदाच्या आहेत, आणि ज्यांच्यामुळे तो आनंद मिळाला त्या दोन बायांची आठवण मनातून जात नाही.

मला घडवलं वना कुंभाराने. नदीकाठची चिकण माती त्याने चाळली, तिच्यात राख आणि घोड्याची लीद कालवली आणि तुडवून तुडवून लोण्यासारखी केली. मग आतून गोल दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी चोपण्याने थापट्या मारायच्या. दिवसभर मी थापट्याच खाल्ल्या. वना मोठा खोडीचा माणूस. त्याने आमची तीन खापरं केली आणि आव्यातून, म्हणजे त्याच्या भट्टीतून, भाजून निघाल्यावर तिघांनाही बोटाने वाजवून पाहिलं. एकाचा आवाज बसका आला, ते त्याने तिथेच मोडलं. दुसरं खापर कुणालाही चांगलं वाटलं असतं, पण त्याच्या मनाला आलं नाही, म्हणून तेही मोडलं. बायकोने विचारलं की गिऱ्हाइकाला काय कळणार होतं? त्यावर तो म्हणाला की गिऱ्हाइकाला नाही कळलं तरी मला कळतंय ना. मी तिसरा. मला त्याने दोनदा वाजवलं आणि न मोडता बाजूला ठेवलं. ते माझं पहिलं कौतुक, आणि अजूनही ते मला पुरतं.

तुमच्यातल्या ज्यांनी खान्देशी पोळी होताना पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी दिसायला मोठ्या परातीएवढा, पण पोटात खोल. मला चुलीवर उपडं घालतात. खालून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ लागतो आणि वरून माझी गोल पाठ तापते. पुरण भरलेला गोळा थोडा लाटून झाला की बाई तो पोळपाटावरून उचलते आणि दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवते. आधी तळव्यांवर, मग मनगटांवर, मग थेट कोपरापर्यंत. पोळी पातळ होत होत घेराने वाढत जाते आणि फाटायच्या एक क्षण आधी ती माझ्या पाठीवर पडते. तो एक क्षण ज्या बाईला कळला, तिला सगळं कळलं. बाकीचं पीठ, पुरण आणि जाळ.

मला घरी आणलं त्याच्या आदल्या वर्षीच कौतिकभाऊंची आई वारली होती आणि तिचं खापरही तिच्यामागोमाग तडकलं. घरात नवी सून आलेली. तिचं नाव धुरपदा. ती सातपुड्याच्या पायथ्याची, चोपड्याच्या वरच्या अंगाची. तिकडे पावसावरची शेती, गहू सणालासुद्धा दिसायचा नाही. ज्वारीची आणि ज्वारीत उडीद दळून केलेल्या कळण्याची भाकरी ती अशी थापायची की भाकरीला चंद्रासारखी कड यावी. पण खापर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, दोन दिवसांवर आली, म्हणून कौतिकभाऊंनी मला आणून ओट्यावर ठेवलं आणि ते शेतात निघून गेले. काय करायचं ते सांगायचं त्यांना सुचलंच नाही.

धुरपदाने मला नीट निरखलं. एवढं मोठं भांडं आणलंय म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायला असणार, असं तिच्या मनाने घेतलं. तिने मला सुलटं चुलीवर मांडलं, दोन घागरी पाणी माझ्या पोटात ओतलं आणि जाळ लावला. मित्रांनो, मी नवा होतो. मलाही वाटलं, असंच असेल. पाणी कोमट झालं तेवढ्यात शेजारची मंजुळाबाई विस्तव मागायला आली आणि दारातच थबकली.

मंजुळाबाई म्हणजे गावातली पोळीची पहिली बाई. धुरपदापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला फटकळ. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून हसू लागली.

"वं बाई, खापरनी पाठवर पोई टाकतस. त्यामा पानी नही तपाडतस."

दुपारपर्यंत ही गोष्ट पाणवठ्यावर पोचली आणि संध्याकाळी गावात असं एक घर उरलं नाही जिथे खापरातल्या आंघोळीवर बाया हसल्या नाहीत. धुरपदा घरात बसून रडली. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले, मला पुसून उपडं ठेवलं आणि किती तरी वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती काय ठरवत होती ते मला त्या वेळी कळलं नाही.

आमच्या गावाची एक रीत होती. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारापुढे गावजेवण व्हायचं. घराघरातून गहू, डाळ, गूळ आणि आंबे यायचे. बाया आपापलं खापर घेऊन यायच्या आणि ओळीने चुली मांडायच्या. आदल्या वर्षी जिची पोळी सगळ्यांत मोठी झाली असेल तिची चूल ओळीत पहिली. तीच आधी पेटायची आणि बाकीच्यांनी तिच्याच चुलीतला विस्तव न्यायचा. पोळ्या मोजायचं काम सुपडूआबांचं. आबा गावातले वडीलधारे. ते हातात सूप घेऊन फिरायचे. पोळी सुपावर पसरायची आणि ती सुपाच्या कडेबाहेर किती बोटं जाते ते पाहायचं. जिची पोळी अख्खी राहून सगळ्यांत बाहेर गेली, ती पहिली. तिला मिळायचं काय? काही नाही. तिच्या खापराला हळदकुंकू लागायचं आणि पुढच्या वर्षी पहिली चूल तिची. तेवढ्यासाठी बाया वर्षभर मनगटं झिजवायच्या.

धुरपदा पहिल्या वर्षीच ओळीत बसली. नको बसू, असं कौतिकभाऊंनी परोपरीने सांगून पाहिलं. तिची पहिली पोळी हातावरच फाटली. दुसरी माझ्या पाठीवर पडताना दुमडली आणि पुरण बाहेर येऊन करपलं. तो काळा डाग नंतर राखेने घासूनही गेला नाही. तिसरी सुपाच्या आतच राहिली. मंजुळाबाईची सुपाबाहेर सहा बोटं गेली.

घरी गहू थोडा असायचा, रोज पोळ्या करायला कुठून आणणार? म्हणून धुरपदाने कौतिकभाऊंचा जुना पंचा फाडून त्याचा गोल तुकडा केला. तो पाण्यात भिजवायचा, हातांवर झेलत फिरवायचा आणि गार पडलेल्या माझ्या पाठीवर टाकायचा. सुरकुती पडली की उचलायचा आणि पुन्हा फिरवायचा. कपाशी वेचून आलेली बाई, हाताला बोंडांचे ओरखडे, आणि तरीही भाकरी टाकायच्या आधी ती वीस-पंचवीस वेळा तो पंचा माझ्यावर टाकायची. मला त्या ओल्या फडक्याची सवय झाली. एखाद्या दिवशी ते पडलं नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

आणि एक गंमत सांगतो. दोन घरांच्या मधली भिंत बुटकी होती. सणावाराला मंजुळाबाई आपल्या अंगणात चूल मांडायची आणि धुरपदा भिंतीआडून तिचे हात पाहायची. पाहायची म्हणजे चोरूनच. मंजुळाबाईला ते माहीत असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षी धुरपदाची पोळी सुपाच्या कडेला टेकली. तिसऱ्या वर्षी एक बोट बाहेर गेली. पाचव्या वर्षी तीन बोटं गेली आणि ओळीत तिची चूल दुसरी आली. फाटक्या आणि करपलेल्या पोळ्या खाऊन खाऊन कौतिकभाऊंचं पोट सुटलं, पण त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. त्यांचेही मी आभार मानतो. मंजुळाबाई मात्र दरवर्षी दोन बोटं पुढेच. धुरपदा घरी येऊन आदळआपट करायची, मला जोरात टेकवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फडकं भिजवायची.

मी पुष्कळदा विचार केला की ही बाई हे का करते? सुरुवातीला मला वाटलं, ते हसणं तिला झोंबलं म्हणून. ते खरंच होतं. पण त्याला वर्षं लोटली. पाणवठ्यावरच्या बाया ती गोष्ट विसरून गेल्या, आणि धुरपदाच्याही चेहऱ्यावर ती दिसेनाशी झाली. तरी हात थांबले नाहीत. पोळी कोपरापर्यंत पोचून अंगभर पातळ व्हायची, तेव्हा धुरपदाचा श्वास थांबायचा. त्या वेळी तिला ना गाव आठवायचं ना मंजुळा. मी खाली तापलेला असायचो, मला ते नीट दिसायचं. पोळी पडली की मात्र तिची पहिली नजर ओळीतल्या पहिल्या चुलीकडे जायची.

मग मानमोडीच्या तापाच्या मोठ्या साथीचं वर्ष आलं. सन अठराचा पावसाळा सरला आणि घरोघर माणसं अंथरुणाला खिळली. आमच्या आळीत कुणी दगावलं नाही असा एक दिवस जाईना. मंजुळाबाईचा नवरा चौथ्या दिवशी गेला. तिच्या दोन्ही मुली त्याआधीच सासरी गेलेल्या, त्यामुळे घरात ती एकटी उरली. तिने आपलं खापर उचललं आणि पाचोऱ्याला राहणाऱ्या बहिणीला देऊन टाकलं. आता आपल्याला काय करायचंय खापर, असं ती म्हणाल्याचं भिंतीपलीकडून ऐकू आलं.

पुढच्या आखाजीला ओळीत पहिली चूल रिकामी राहिली. खापराला हळदकुंकू लागायचं असतं, म्हणून विधवेने ओळीत बसायचं नाही, असं सगळ्यांनी न बोलताच धरून चाललं. कुणी तिला बस म्हटलं नाही, कुणी बसू नको असंही म्हटलं नाही. धुरपदा पुढे सरकली. त्या दिवशी तिची पोळी सुपाबाहेर सहा बोटं गेली आणि दुसरीची जेमतेम तीन. सुपडूआबांनी तिचं नाव घेतलं. माझ्या पाठीवर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटली. मित्रांनो, मी त्या दिवशी फार ऐटीत होतो. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली तो मान मिळाला होता.

धुरपदा घरी आली आणि तिने माझ्या पाठीवरचं कुंकू पुसलं. फडकं भिजवलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानेही नाही. पावसाळा लागायच्या आत तिने मला गोठ्यात नेलं, सुलटं ठेवलं आणि बैलाची सरकी माझ्या पोटात ओतली. जवळजवळ वर्षभर मी सरकीचं भांडं होऊन राहिलो. उंदीर यायचे, कोंबड्या यायच्या. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. तडकलो नाही, बिघडलो नाही, जिंकून दिलं आणि शेवटी गोठा पदरात पडला. पण हळूहळू मला कळलं की धुरपदाही गोठ्यात पडल्यासारखीच झाली होती. कुणाच्या लग्नात पोळ्यांना बोलावलं तर ती हात दुखतो म्हणून सांगायची. सणालासुद्धा तिने साध्या तव्यावर लाटून पोळ्या केल्या. बुटक्या भिंतीजवळ ती उगीचच उभी राहायची. पलीकडे अंगणात चूल नसायची.

सन वीसची आखाजी आली. गावजेवणाच्या आदल्या दुपारी धुरपदा अचानक गोठ्यात आली. तिने सरकी काढली, मला राखेने खसाखसा घासलं, कमरेवर घेतलं आणि तडक मंजुळाबाईच्या दारात गेली. मंजुळाबाई डाळ निवडत होती. उद्या ओळीत ये, असं धुरपदाने उभ्या उभ्या सांगितलं. मंजुळाबाईने वर पाहिलंच नाही.

"कीव करीसन बलावत व्हशी, तं मी येवाव नही."

"कीव नही वं अक्का," धुरपदा म्हणाली. "तुले हारावनं शे."

मंजुळाबाईचा हात डाळीत थांबला. मग नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, पण पूर्वीसारखं मोठ्याने नाही. म्हणाली की माझ्याकडे खापर नाही आणि मला ओळीत कोण बसू देणार? आणि थोड्या वेळाने, डाळ निवडता निवडताच, तिने एक गोष्ट सांगितली.

"तू भिंतवरतीन देखे ना, तवय मी हात धीरे फिरावू."

धुरपदा वळली. मला कमरेवर घेऊन ती परत आली. वाटेत ती दोनदा थांबली. नऊ वर्षं आपण चोरून शिकत होतो अशी तिची समजूत, आणि शिकवणारी मुद्दाम हळू शिकवत होती. त्या संध्याकाळी गोठ्याच्या खुंटीवरचं जुनं फडकं तिने काढून आणलं आणि जेवणाआधी पन्नास वेळा माझ्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी पारापुढे चुली मांडल्या गेल्या. पहिली चूल धुरपदाची. पऱ्हाट्या रचलेल्या, मी उपडा घातलेला, पीठ तिंबलेलं. सगळ्या बाया विस्तव न्यायला गोवऱ्या घेऊन थांबलेल्या. आणि धुरपदा हात जोडून बसली. पेटवीना. सुपडूआबा आले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं.

"मंजुळाअक्कानी चूल पेटाव नही, तं मनी बी पेटाव नही."

गोंधळ उडाला. आधी बायांना वाटलं की ही थट्टा आहे. मग कुणी तरी कुंकवाची आठवण करून दिली, कुणी म्हणालं की रीत मोडायची नसते. धुरपदा म्हणाली, रीत मी कुठे मोडते? पहिली चूल माझी, मी पेटवली तर तुमच्या पेटतील, हीसुद्धा रीतच आहे. ऊन चढत चाललं. वैशाखातलं खान्देशचं ऊन ते. आमरसाची पातेली ओल्या फडक्यांनी झाकली होती, तरी वास येऊ लागला होता. पारावर पुरुष मंडळी बसली होती. त्यांची पोटं आधी ओरडायला लागली आणि मग तोंडं. कौतिकभाऊंना चार जणांनी घेरलं आणि बायकोला समजाव म्हणून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की तिला समजावणारा अजून जन्मायचा आहे.

शेवटी आबा चुलीजवळ उकिडवे बसले. त्यांनी आवाज खाली आणला. अगं, पहिली तर तूच आहेस, मग तुला आणखी काय पाहिजे, असं त्यांनी तिला विचारलं.

"अक्काले हारावाशिवाय मी पह्यली कशी व्हसू, आबा?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. राग होता की रड, ते मला अजूनही सांगता येत नाही. आबांनी सूप गुडघ्यावर ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंजुळाबाईकडे स्वतःचं खापर आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, असं कळलं. मग ती कशावर पोळी करणार? माझ्या खापरावर, धुरपदा म्हणाली. आबा उठले, अंगरखा झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"कुकू खापरले लागस. बाईले नही."

एवढंच. रीतही राहिली आणि मंजुळाबाईही ओळीत आली. तिला बोलवायला दोन बाया धावल्या. ती आली ती पदर खोचूनच आली. दाराआड तयार होऊन बसली होती की काय, मला नेहमी शंका येते.

मित्रांनो, त्या दिवशी एकाच चुलीवर, एकाच खापरावर, एकाच पिठाच्या पोळ्या दोघींनी केल्या. प्रत्येकीला तीन पोळ्या. मी धुरपदाचा. तिचं सरकीचं वर्ष मी भोगलं होतं, पण तिच्या ओल्या फडक्याची नऊ वर्षंही माझ्याच पाठीवर होती. ती जिंकावी असं मला मनापासून वाटत होतं. मला काही करता आलं असतं का? पाठ जरा गार ठेवून मंजुळाबाईची पोळी चिकटवली असती तर? असा विचार मनात आला, हे कबूल करतो. पण तापल्यावर खापराला कुणाची बाजू घेता येत नाही. जसा जाळ तशी पाठ.

धुरपदाची पहिली पोळी सुपाबाहेर सहा बोटं गेली. दुसरीही तेवढीच. तिसरी साडेसहा. गाव गलका करू लागलं. मंजुळाबाईने पहिला गोळा उचलला आणि तो मनगटावरच फाटला. दीड वर्ष त्या हातांनी काही फिरवलं नव्हतं. गलका थांबला. तिने फाटकी पोळी बाजूला ठेवली आणि दुसरी केली. ती अख्खी झाली, पण सुपाबाहेर चारच बोटं गेली. धुरपदाने तोंडावर पदर घेतला होता. ती जिंकत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता.

तिसऱ्या गोळ्याला मंजुळाबाईने घाई केली नाही. हात पाण्यात बुडवून पुसले. पोळी तळव्यांवरून मनगटावर गेली, मनगटावरून कोपराकडे. मग तिने एक गोष्ट केली जी धुरपदाने भिंतीआडून कधी पाहिली नव्हती. पोळी फिरवता फिरवता तिने दोन्ही कोपरं एकदम बाहेर टाकली आणि पोळी हवेतच आणखी पसरली. माझ्या पाठीवर ती पडली तेव्हा माझ्या दोन्ही कडांवरून खाली लोंबत होती. मी सगळीकडून झाकला गेलो. असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आबांनी सूप धरलं. साडेआठ बोटं.

माझ्या पाठीवर हळदकुंकू लागलं, ते मंजुळाबाईच्या नावाने. लावलं धुरपदाने. हरली म्हणून ती रुसलेली होती, लाल झाली होती. पण जेवायला बसली तेव्हा तिने पहिला घास मंजुळाबाईच्या पोळीचा घेतला. खाता खाता विचारलं की कोपराचं ते कसं केलं? मंजुळाबाई म्हणाली, बघून घे. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यातली सरकी एका मडक्यात गेली आणि मी चुलीजवळ माझ्या जागी परत आलो.

त्यानंतर सात आखाजी मंजुळाबाई जिंकली. दरवर्षी माझ्याच पाठीवर. नवं खापर घ्यायला ती तयार नव्हती आणि धुरपदा ते घेऊ देणारही नव्हती. मी या घरचा होतो की त्या घरचा, हे मलाही नीट सांगता यायचं नाही. आठव्या वर्षी धुरपदाची पोळी सुपाबाहेर नऊ बोटं गेली आणि मंजुळाबाईची आठ. आबा तेव्हा फार थकले होते. त्यांनी दोनदा मोजलं, मग दुसऱ्याकडून मोजवून घेतलं. एक बोट. धुरपदा जागच्या जागी बसली आणि हमसून हमसून रडली. मंजुळाबाईने तिला उठवलं, पाणी पाजलं आणि जेवायला न थांबता ती आपल्या घरी गेली. ती दुखावली असेल, आता पुन्हा येणार नाही, अशी भीती धुरपदाच्या तोंडावर दिवसभर दिसत होती. जिंकूनही तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कडी वाजली. धुरपदाने दार उघडलं. मंजुळाबाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली बाई, केस पांढरे व्हायला लागलेले, आणि बाह्या कोपराच्या वर सारलेल्या.

"खापर दे. माले हात बसाडना शे."

धुरपदाने मला उचललं आणि मंजुळाबाईच्या हातात दिलं. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते आदल्या दिवशी जिंकल्यावरही आलं नव्हतं.

"दुपारलोंग परत आन, अक्का," ती म्हणाली. "माले बी लागी."

मित्रांनो, मातीच्या भांड्यांना जपा. आम्हाला आपटू नका, तापलेलं असताना गार पाणी ओतू नका, काम झालं की पुसून जागेवर ठेवा. एवढं केलंत तर आम्ही तुमच्या आयुष्याला पुरतो. पण त्याहून जास्त जपा ते शेजारचं माणूस, ज्याची पोळी तुमच्यापेक्षा दोन बोटं मोठी असते. ते एखादे दिवशी ओळीत दिसलं नाही तर आनंदाने पुढे सरकू नका. त्याच्या दारात जा आणि त्याला बोलावून आणा. आणि तुमचं खापर त्याच्यासाठी घेऊन जायला विसरू नका.